सोसायटी ग्रुप: आईबाबांनी सारेमाला उतरावं का?

अमृता, ए-१०३: काकू, तुम्ही मागच्या जूनमध्ये बाल्टिकची क्रूझ केलीत ना? आईबाबांचं बुकिंग झालंय. स्टॉकहोम, टॅलिन कळलं, पण मध्ये एक दिवस 'सारेमा' लिहिलंय. बाबा म्हणतात, तिथे काही नाही, आम्ही बोटीवरच पत्ते खेळू.

काकू, बी-४०२: पत्ते ते इथे रोज क्लबहाउसमध्ये खेळतातच की. उतरू दे त्यांना.

अमृता: पण आहे काय तिथे?

काकू: एस्टोनियाचं सगळ्यात मोठं बेट. गोव्याच्या जवळजवळ पाऊणपट, आणि माणसं तीसएक हजार. म्हणजे आपल्या वॉर्डातसुद्धा त्याहून जास्त. बाकी झाडं, कुरणं आणि ज्युनिपरची झुडपं.

काका, सी-७०१: पूर्वी या बोटींचं मुख्य आकर्षण सेंट पीटर्सबर्ग असायचं. २०२२ ला रशिया-युक्रेन युद्ध सुरू झालं आणि ते गळलं. आता मधले दिवस भरायला छोटी बंदरं घेतात.

अमृता: म्हणजे बाबांचं बरोबर, भरतीचा माल 😄

काकू: अजिबात नाही. नीट लिहिते, जरा कुकर बंद करून येते.

अध्यक्ष: सूचना. टँकर ४ वाजता येईल. गेटसमोरच्या गाड्या काढाव्यात.

काकू: हं. मोठी बोट लागते ती बेटाच्या उत्तरेला, अगदी निर्मनुष्य जागी. एक लांब धक्का, बस. तिथून शटल बसने कुरेसारे गावात जायचं, पाऊण तास धर. बोटीवरचे सगळे एकदम त्या एवढ्याशा गावात सांडतो आपण. चौकात दोन सायकली आणि एक मांजर होती, आमच्या बसेस आल्यावर मांजरसुद्धा उठून गेली.

काकू: गावात बिशपचा किल्ला आहे, चौदाव्या शतकातला, करड्या डोलोमाइट दगडाचा, भोवती खंदक. सगळे तिथेच घुसतात. आम्ही बाहेरून चक्कर मारली आणि नागपूरच्या एका जोडप्याबरोबर टॅक्सी केली. अमृता, टॅक्सी आधीच ठरवून ठेवा, आयत्या वेळी मिळणं कठीण.

अमृता: टॅक्सीने कुठे?

काकू: काली.

रोहन, डी-२०५: देवीचं मंदिर?? 🙏

काकू: अरे, विवराचं नाव काली. ह्यांनीही हात जोडलेच. साडेतीन हजार वर्षांपूर्वी तिथे लोखंडी उल्का पडली, फुटून नऊ खड्डे झाले. मोठा ११० मीटरचा, तळाशी हिरवं पाणी, भोवती उंच झाडं. उल्केचे तुकडे सापडले १९३७ मध्ये, तेव्हा कुठे नक्की झालं.

काका, सी-७०१: आमच्या लोणारचा व्यास १.८ किलोमीटर. अशा सोळा काली एका रांगेत मावतील.

काकू: भाऊ, तुम्ही बुलढाण्याचे, म्हणणारच. पण लोणारला माणूस काठावर उभा राहतो. इथे दहा मिनिटांत पाण्यापाशी. आणि कोणी बोलत नाही. नागपूरकर वहिनीसुद्धा गप्प झाल्या, त्या सकाळपासून थांबल्या नव्हत्या.

अमृता: 😂 आईला कळवते.

काकू: मग आंग्लाच्या पवनचक्क्या. पाच आहेत. चार इथल्या जुन्या लाकडी, एक डच पद्धतीची. लाकडी चक्कीचं अख्खं घर एका खांबावर बसवलेलं असतं. मागे लांब दांडा, तो ढकलला की घर वाऱ्याकडे तोंड करतं. डच चक्कीचा नुसता माथा फिरतो. आपल्या बाबांना तो दांडा दाखव, पत्ते विसरतील.

रोहन: व्हिसा?

काकू: शेंगेन. पैसे युरो. दुकानात शिरलं की 'तेरे' म्हणायचं, म्हणजे नमस्कार. ह्यांनी पुढे 'मेरे' लावलं, बाई गंभीरपणे बघत राहिली.

जोशी वहिनी, ए-५०४: शाकाहारी माणसाचं काय? आम्हीही जाऊ म्हणतोय.

काकू: राय नावाच्या धान्याचा काळा पाव, लोणी, चीज. पाव जरा गोडसर, दाट. मासे जागोजागी. थेपले न्याच, पण बोटीवर खा, काही देशांत खाणं घेऊन उतरू देत नाहीत.

काका, सी-७०१: सोव्हिएत काळात सारेमा हे सीमाभागातलं बंद बेट होतं. मुख्य भूमीवरच्या एस्टोनियन माणसालासुद्धा परवाना लागायचा. म्हणून किनारे तसेच राहिले असावेत.

काकू: हे मला तिथे टॅक्सीवाल्याने सांगितलं, आणि त्यानंतर तोही गप्प.

काकू: आता मुख्य गोष्ट. बोटीचं घड्याळ बघायला सांग. आमची बोट स्वीडनच्या वेळेवर चालत होती, मोबाइलने आपोआप एस्टोनियाची वेळ घेतली, एक तास पुढची. हे म्हणाले, शेवटची शटल सुटली! किल्ल्यापासून धावलो, मी चपला हातात घेऊन. बस मिळाली. धक्क्यावर पोचलो तर एक तास हातात.

जोशी वहिनी: अरे देवा!

काकू: मग बसलो दगडांवर. समुद्र होता, पण आवाज नव्हता. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नसतेच.

काका, सी-७०१: आणि खारटपणाही कमी.

काकू: ह्यांनी चाखून बघितलं. म्हणाले, आमटीत मीठ विसरल्यासारखं. मी वाळलेली ज्युनिपरची फांदी मोडली, वास तो काय, पेन्सिल तासल्यावर येतो ना, तसा, पण गोड. तासभर आम्ही दोघं बोललो नाही, भांडण नसताना. मग बोटीचा भोंगा वाजला.

अमृता: बाबांना सांगितलं. विचारतायत, दगडांवर पत्ते मांडता येतात का.

काकू: त्यांना म्हणावं, मी ज्युनिपरची लोण्याची सुरी आणलीय, येऊन वास घ्या. परत द्यायची, मागच्या वेळची किसणी अजून त्यांच्याकडेच आहे.

अध्यक्ष: एमएच १२ ची पांढरी गाडी कोणाची? टँकर आलाय.