शक्तिपीठ महामार्ग: आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

ए-103: सकाळी 'नागपूर-गोवा 8 तासांत' हे फॉरवर्ड टाकणाऱ्यांना हात जोडून विनंती. इथल्या निम्म्या घरांची शेती कोल्हापूरच्या कागल, भुदरगड, आजऱ्यात आहे, तिथूनच हा रस्ता आखला होता. जरा बघून टाका.

सी-402: वहिनी, रागावू नका. 18 तासांचे 8 झाले तर वाईट काय? अंबाबाई, तुळजापूर, माहूर एका रस्त्यावर येतील.

बी-302: रत्नागिरी-नागपूर हायवे कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असाच जातो की. तो असताना 2025 च्या आराखड्यात पवनार ते पत्रादेवी 802 किमी नवा रस्ता, खर्च 86 हजार कोटी. किलोमीटरला 107 कोटी पडले. समृद्धी 701 किमी, 55 हजार कोटी, म्हणजे 78.

डी-201: हरकत लेखी द्या. भूसंपादनाच्या अधिसूचनेपासून 21 दिवस. पोच घ्या.

सी-402: काका, घाट आहे म्हटल्यावर खर्च वाढणारच.

बी-302: घाटाचंच सांगतो. आजऱ्याकडून खाली उतरताना वर जांभा, त्याच्याखाली चिकण माती, मग काळा पाषाण. जांभा पाणी पितो, माती ते अडवून धरते आणि स्वतः निसरडी होते. रस्त्यासाठी डोंगराचा पायथा कापला की वरचा थर आधाराविना राहतो आणि पावसात दरड येते. जाळी, बोल्ट मारले तरी माथ्यावर पाणी वळवणारी चर आणि भिंतीतून पाणी काढणारी भोकं दरवर्षी साफ करावी लागतात. ती तुंबली की जाळीसकट डोंगर खाली.

ए-404: मग बोगदा करू देत. देवी काय कुठं पळून चालली नाही, उशिरा पोचलं तर चालतंय 😄

ए-103: चेष्टा नको दादा, लोकांच्या जमिनी आहेत.

बी-302: बोगद्याचा हिशोब घ्या. तीन पदरी एका नळीचा छेद 150 चौरस मीटर धरला तर दोन नळ्यांच्या एका किलोमीटरला 3 लाख घनमीटर दगड निघतो. फोडलेला दगड फुगून साडेचार लाख. 14 घनमीटरच्या डंपरनं 32 हजार खेपा. तो टाकणार कुठं? ओढ्यात. आणि वरचे झरे बोगद्यात उतरले की वाड्यांचं पाणी गेलं.

बी-105: वरच्या टाकीचं पाणी दोन दिवस गढूळ येतंय, त्याचं कोण बघणार?

सचिव: उद्या टाकी धुणार. सर, दुसऱ्या ग्रुपवर विचारा, मेंटेनन्सही बाकी आहे.

बी-105: मेंटेनन्सचं इथं काढायची गरज होती का?

डी-201: हरकत लेखी द्या. 21 दिवस.

बी-302: घाटाआधी पूर आहे. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट इशारा, 43 धोका. 2019 आणि 2021 ला पुणे-बेंगळुरू हायवे शिरोलीत पाण्याखाली बंद होता, सगळ्यांनी बघितलंय. नवा रस्ता पूरपट्ट्यात भरावावर आला तर मोऱ्यांत पाचट, जलपर्णी, झाडं अडकतात आणि वरच्या अंगाला फुगवटा येतो. खांबांवर नेला तर पाणी सुटतं, पण खर्च आणखी वाढतो.

सी-402: शहराच्या बाजूनं जाणारच नाही म्हणतात.

ए-103: ऑक्टोबर 2024 ला कोल्हापूरची अधिसूचना मागं घेतली. जून 2025 ला मंत्रिमंडळानं याच रस्त्याला 20,787 कोटी मंजूर केले. म्हणतात त्यावर कसा विश्वास ठेवायचा?

सी-402: ठीक आहे. 🙏 शेतकऱ्यांना मोबदला चौपट मिळतो, एवढंच म्हणत होतो.

ए-103: 'चौपट' म्हणजे बाजारभावाला लावायचा गुणांक 2 धरला तर. महामार्ग कायद्यानं घेतात तेव्हा गुणांक काय लावलाय ते आधी बघा. आणि 100 मीटर रुंदी म्हणजे किलोमीटरला 25 एकर. त्यात पाणीपुरवठा संस्थेची मेन लाइन तुटली की रस्त्यात न गेलेल्या उसालाही पाणी नाही. लाइन रस्त्याखालून नेताना केसिंग पाइप (बाहेरचा मोठा पाइप) लागतो, त्याचा खर्च आणि तोवरच्या पाण्याची सोय लेखी मागा. शेताचे दोन तुकडे झाले, तर पलीकडच्या तुकड्याला वाट कुठून, हेही.

डी-201: तेच सांगतोय. एकत्र सह्यांचा कागद एकच हरकत धरतात. प्रत्येक खातेदाराची वेगळी. गट नंबर, क्षेत्र, विहीर, पाइपलाइन, झाडं सगळं लिहा.

ए-404: काका, सातबारा पुरतो का?

डी-201: सातबारा, आठ-अ (खात्याचा उतारा), वारस नोंद झाली नसेल तर फेरफार आधी. मूळ कागद देऊ नका. पोचीवर आवक नंबर आणि तारीख असलीच पाहिजे. शिक्का नसेल तर तिथंच उभं राहून मागा.

ए-103: नमुना आहे का? सासऱ्यांना पाठवायचा आहे.

डी-201: रात्री टाकतो. गट नंबरची जागा मोकळी ठेवलीय, ती आधी भरा.