बारा मशिनांच्या शॉपमध्ये मशीन मॉनिटरिंग बसवावे का आणि सुरुवात कुठून करावी?

भोसरीचा गाळा (प्रश्न)

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे वाहनांचे सुटे भाग बनवणारे छोटे मशीन शॉप आहे. आठ सीएनसी (संगणक-नियंत्रित) टर्निंग सेंटर आणि चार व्हीएमसी (उभ्या स्पिंडलची मिलिंग मशिने) अशी एकूण बारा मशिने असून त्यांतली निम्मी पंधरा वर्षांहून जुनी आहेत. उत्पादनाची नोंद अजूनही वडिलांनी घालून दिलेल्या पद्धतीनेच होते. शिफ्ट संपताना ऑपरेटर जॉब कार्डावर नग लिहितो, सुपरवायझर ते रजिस्टरमध्ये उतरवतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते आकडे एक्सेलमध्ये चढतात. काल दुपारी तीन वाजता चार नंबरचे मशीन का उभे होते, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर त्या शिफ्टच्या माणसाच्या आठवणीवर अवलंबून असते.

यंदा मुख्य ग्राहकाच्या व्हेंडर ऑडिटमध्ये मशिनांचा चालू स्थितीतला डेटा दाखवता येतो का, असा रकाना आला आणि त्यात आमचे गुण गेले. त्यानंतर दोन कंपन्यांनी येऊन प्रात्यक्षिके दाखवली. एकीचे दर मशिनामागे मासिक शुल्क आहे. दुसरीने ईआरपी (खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर), मॉनिटरिंग आणि मशीन बिघडण्याआधीच सूचना देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता असे सगळे एकत्र देऊ केले आहे आणि त्याची किंमत ऐकून वडील म्हणाले, "एवढ्यात एक सेकंडहँड मशीन येईल आणि ते निदान नग तरी काढेल." त्यांचे म्हणणे मला खोडून काढता आले नाही.

जुन्या मशिनांतून माहिती मिळवता येते का, फायदा नेमका कुठून होतो आणि ऑपरेटर मंडळी हे कसे घेतात, याबद्दल ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी लिहावे, ही विनंती.

पॅनेलवायरिंग, चाकण

आपल्या वडिलांचा हिशेब बरोबर आहे. फक्त असलेली बारा मशिने दिवसातून किती वेळ खरोखर धातू कापतात हा आकडा त्यात नाही आणि तो सध्या कोणाकडेच नाही. तो कळल्याशिवाय तेरावे मशीन घ्यायचे की नाही हेही ठरवता येणार नाही.

जुन्या मशिनांची काळजी करू नका. इथरनेट पोर्ट असलेल्या फानुक कंट्रोलरमधून फोकास नावाच्या लायब्ररीद्वारे प्रोग्रॅम नंबर, अलार्म आणि पार्ट काउंट थेट मिळतात. अलीकडच्या सीमेन्स कंट्रोलरवर ओपीसी यूए हे प्रमाणित माध्यम घेता येते. ज्या मशिनावर यातले काहीच नाही तिथे टॉवर लॅम्पच्या हिरव्या, पिवळ्या आणि लाल दिव्यांचे सिग्नल रिलेमधून वेगळे काढावेत आणि स्पिंडल मोटरच्या केबलभोवती करंट मोजणारी क्लॅम्प सीटी लावावी. मशीन चालू आहे, थांबले आहे की अलार्मवर आहे, एवढे त्यातून निश्चित कळते आणि सुरुवातीला त्याहून अधिक लागत नाही. ही माहिती बहुधा एमक्यूटीटी या प्रोटोकॉलने पाठवली जाते. तो १९९९ साली तेलवाहिन्यांवर उपग्रहामार्फत देखरेख ठेवण्यासाठी तयार झाला, त्यामुळे कमकुवत नेटवर्कवर कमीत कमी डेटात काम भागवणे हा त्याचा मूळ स्वभाव आहे आणि शॉपमधल्या डळमळीत वायफायवरही तो निभावून नेतो.

आता फायद्याकडे येऊ. समजा ४८० मिनिटांच्या शिफ्टमधून जेवण आणि चहाची ४० मिनिटे वगळली, म्हणजे ४४० मिनिटे उरली. त्यांतली ३३० मिनिटे मशीन चालले, तर उपलब्धता ७५ टक्के झाली. एका नगाचा सायकल टाइम ४ मिनिटे असताना ७५ नग निघाले, म्हणजे ३०० मिनिटांचे काम झाले आणि वेग सुमारे ९१ टक्के ठरला. त्या ७५ पैकी ७२ नग चांगले असतील तर गुणवत्ता ९६ टक्के. या तिन्हींचा गुणाकार म्हणजे ओईई (मशिनाची एकूण परिणामकारकता) आणि तो येथे सुमारे ६५ टक्के येतो. ऑपरेटरच्या जॉब कार्डावर मात्र '७५ नग, ३ रिजेक्ट' एवढेच दिसते आणि ते वाचून शिफ्ट चांगली गेली असेच कोणालाही वाटेल. हरवलेली ११० मिनिटे त्या कार्डावर कुठेच नाहीत.

विक्रेते ८५ टक्क्यांचा जागतिक दर्जा म्हणून गाजावाजा करतात, त्याकडे जरा सावधपणे पाहा. ही कसोटी जपानच्या सेइची नाकाजिमा यांनी टीपीएमच्या (सर्वांच्या सहभागाने मशिनांची देखभाल करण्याच्या पद्धतीच्या) संदर्भात मांडली आणि तिच्यामागे एकच भाग दीर्घकाळ काढत राहणारे कारखाने होते. दिवसातून दोनदा सेटिंग बदलणाऱ्या जॉब शॉपने तो आकडा भिंतीवर टांगून माणसांना त्याच्यामागे पळवण्यात अर्थ नाही. आपल्याच मागच्या महिन्याशी तुलना करावी.

बिघाडाच्या पूर्वसूचनेबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तुमच्या आकाराच्या शॉपला सध्या त्याची गरज नाही. अशी प्रणाली शिकवण्यासाठी आधी पुरेसे बिघाड नोंदलेले असावे लागतात आणि बारा मशिनांत एकाच प्रकारचे बिघाड तेवढे होत नाहीत. त्याऐवजी कंट्रोलरची बॅटरी वेळेवर बदला आणि सर्व मशिनांचे पॅरामीटर व प्रोग्रॅम यांचा बॅकअप घेऊन ठेवा. बॅटरी संपून मेमरी पुसली गेली आणि बॅकअप नसला, तर जुने मशीन किती दिवस उभे राहील याची कोणतीही एआय खात्री देऊ शकत नाही.

सेटर_रांजणगाव

साहेब, मी सेटर आहे, म्हणजे मशिनावर नवा जॉब बसवून देणारा, म्हणून शॉप फ्लोअरची बाजू लिहितो. मी पूर्वी ज्या कंपनीत होतो तिथे अशी यंत्रणा बसवल्यावर दारातच मोठा टीव्ही लावला आणि त्यावर प्रत्येक मशिनासमोर ऑपरेटरचे नाव आणि लाल किंवा हिरवा रंग दिसू लागला. काही दिवसांतच हिरवा रंग वाढला, पण डिस्पॅच वाढला नाही. कारण सरळ होते. मटेरियल आले नसले किंवा इन्स्पेक्शनला थांबायचे असले, तर माणसे चकमध्ये जॉब न लावता रिकामी सायकल फिरवत होती. स्पिंडलचा करंट पाहिल्यावर ते उघड झाले, कारण रिकाम्या कापण्याला लोड येत नाही. मग काहींना मेमो मिळाले आणि वातावरण आणखी बिघडले.

थांबण्याचे कारण नोंदवण्यासाठी मशिनाच्या पाठीमागे आठ बटणांचा डबा बसवला होता. तिथे जायचे म्हणजे कूलंटचा ट्रे ओलांडून वळसा घालायचा, म्हणून जो तो जाता-येता शेवटचे 'इतर' बटण दाबायचा. पुढे नव्या मेंटेनन्स साहेबांनी तो डबा कंट्रोल पॅनेलच्या शेजारी आणला, कारणे पाचवर आणली आणि नावे टीव्हीवरून काढून टाकली. त्यानंतर जे दिसले ते आम्हा सेटर लोकांना आधीपासून माहीत होते. सेटिंग संपवून, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देऊन पहिला नग काढला की तो तपासणीला जातो, तिथे एकच सीएमएम (मापे तपासणारे यंत्र) आणि एकच तपासनीस, आणि अप्रूव्हल येईपर्यंत मशीन हात बांधून उभे असते. आम्ही ते तोंडी सांगत होतो तेव्हा त्याला कुरकूर म्हटले जायचे. आकड्यांत दिसल्यावर दुसऱ्या शिफ्टला तपासनीस मिळाला आणि साध्या मापांसाठी मशिनाजवळच गेज ठेवले गेले.

आपल्याला एवढेच सुचवतो की पहिले दोन-तीन महिने या आकड्यांवरून कोणालाही बोलू नये आणि तसे सर्वांना जमवून आधीच सांगावे.

शिरोलीकर

आमचा व्यवसाय मशीन शॉपचा नसून फौंड्रीचा आहे, तरी अनुभव उपयोगी पडेल असे वाटते. आमच्याकडे सुरुवात विजेपासून झाली. इंडक्शन फर्नेसमध्ये टनामागे किती युनिट लागतात हे आम्ही महिन्याच्या बिलावरून काढत असू. म्हणजे बिल आल्यावर फक्त हळहळायचे. फर्नेसच्या एनर्जी मीटरला डेटा बाहेर देणारा आरएस-४८५ पोर्ट होताच, तो वापरात नव्हता. तो जोडून प्रत्येक हीटचे (फर्नेसमधल्या एका वितळणीचे) युनिट स्वतंत्र नोंदवायला लागल्यावर एकाच ग्रेडच्या दोन हीटमध्ये मोठी तफावत दिसू लागली.

प्रथम सगळ्यांचा रोख फर्नेसमनकडे गेला, पण तफावतीच्या वेळा मोल्डिंग लाइनच्या वेळांशेजारी ठेवल्यावर दोष भलतीकडेच निघाला. पॅटर्न (ज्यावरून मोल्ड बनतो तो नमुना) बदलायला उशीर झाला की तयार धातू ओतायला मोल्ड नसतात आणि तोवर रस १४५० अंशांच्या वर तापवत धरून ठेवावा लागतो. त्या धरून ठेवण्यात युनिट जळतात आणि कार्बनही कमी होतो, मग पुन्हा स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) आणि पुन्हा दुरुस्ती. शेवटी सुधारणा झाली ती पॅटर्न बदलण्याच्या पद्धतीत आणि खाली आले ते फर्नेसचे युनिट. उच्चदाब ग्राहकांचे बिल एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर, म्हणजे पॉवर फॅक्टर घसरला की वाढणाऱ्या युनिटवर, येत असल्यामुळे पॉवर फॅक्टर पाहणेही अटळ झाले आहे.

आमच्या धंद्यातली दुसरी अडचण अशी की दोष उशिरा कळतो. ब्लो होल (कास्टिंगमधली वायूची पोकळी) किंवा वाळूचा दोष बऱ्याचदा ग्राहकाकडे मशिनिंग होताना उघडा पडतो. तोपर्यंत त्या दिवशी वाळूची आर्द्रता किती होती हे कोणाला आठवणार? म्हणून कास्टिंगवरचा हीट नंबर हाच धागा धरून वाळूच्या चाचण्या, स्पेक्ट्रोचा अहवाल आणि ओतण्याचे तापमान एकत्र ठेवणे आम्हाला सर्वांत उपयोगी ठरले. भोसरीकरांनीही भागाचा लॉट नंबर आणि मशीन डेटा पहिल्या दिवसापासून जोडावा. नंतर जोडायला गेल्यास मागचे काहीच जुळत नाही.

लेखापाल, पिंपरी

ईआरपीवर कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात लिहितो. जीएसटीच्या ई-इन्व्हॉइसची मर्यादा ऑक्टोबर २०२० मध्ये ५०० कोटींच्या उलाढालीपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटींवर आली आहे, तेव्हा आपल्या आकाराच्या बहुतेक उद्योगांची विक्री बाजू आधीच डिजिटल झालेली आहे. कच्ची राहिली आहे ती आतली बाजू. टॅलीमध्ये भागाचे नाव एक, ग्राहकाच्या पोर्टलवर दुसरे आणि जॉब कार्डावर ऑपरेटरने घातलेले तिसरेच, असे असेल तर कोणतेही सॉफ्टवेअर आणले तरी साठा जुळणार नाही. जॉबवर्कसाठी बाहेर गेलेला माल एक वर्षाच्या आत परत आल्याची नोंद लागते आणि चलानांचा हा ताळा बहुतेक ठिकाणी वर्षअखेरीस घाईघाईने बसवला जातो. आधी भागांचे कोड एकसारखे करा. त्याला पैसे लागत नाहीत, फक्त एका चिकाटीच्या माणसाचे काही आठवडे लागतात.

बिलाचे पैसे अडकत असतील तर ट्रेड्स या बिलांच्या ऑनलाइन मंचावर नोंदणी करून पाहा. ग्राहकाने तिथे बिल मान्य केले की बँका त्यावर बोली लावतात आणि मुदतीआधी पैसे मिळतात. माझ्या मते छोट्या पुरवठादाराला मॉनिटरिंगपेक्षा याचा आर्थिक फायदा लवकर दिसतो, अर्थात ग्राहक तिथे नोंदलेला असला पाहिजे.

भोसरीचा गाळा

सर्वांचे मनापासून आभार. सेटर दादांचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "पहिल्या नगाचे दुखणे आपल्याकडेही आहे, त्याला यंत्र कशाला हवे?" मात्र तीन मशिनांवर क्लॅम्प सीटी आणि टॉवर लॅम्पचे सिग्नल लावायला त्यांनी होकार दिला. मासिक शुल्कवाल्या कंपनीला चाचणीपुरते बोलावले आहे. एक शंका उरली आहे. त्यांचे तंत्रज्ञ म्हणतात की बाहेरून दुरुस्ती करता यावी म्हणून शॉपमधल्या संगणकावर दूरस्थ प्रवेश कायम चालू ठेवावा लागेल. ते मान्य करावे का?

पॅनेलवायरिंग, चाकण

कायम चालू अजिबात ठेवू नका. १ मार्च २०२२ रोजी टोयोटाला जपानमधले आपले सर्व १४ कारखाने एक दिवस बंद ठेवावे लागले. हल्ला टोयोटावर झाला नव्हता, तर तिला प्लॅस्टिकचे भाग पुरवणाऱ्या कोजिमा या पुरवठादारावर झाला होता आणि हल्लेखोर त्या पुरवठादाराच्या एका उपकंपनीच्या दूरस्थ जोडणीतून आत शिरले होते. ऑडिटमध्ये हा रकाना अजून नसेल तर लवकरच येईल.

मशिनांचे नेटवर्क कार्यालयाच्या नेटवर्कपासून वेगळे ठेवा. टॅलीचा संगणक आणि सीएनसी एकाच स्विचवर नकोत. तंत्रज्ञाला काम असेल तेव्हा त्याने फोन करावा, तुमच्या माणसाने प्रवेश उघडावा आणि काम संपल्यावर बंद करावा. शॉपमधल्या त्या संगणकावर विंडोज ७ असण्याची शक्यता बरीच आहे, तेही पाहून घ्या, कारण त्याचा आधार जानेवारी २०२० मध्येच थांबला. करारात आणखी दोन कलमे घालून घ्या: मूळ डेटा तुमच्या मालकीचा राहील आणि तो सीएसव्हीमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलमध्ये) केव्हाही उतरवून घेता येईल, तसेच शुल्क बंद केल्यावर मशिनांवर बसवलेली उपकरणे तुमच्याकडेच राहतील. पहिले कलम बहुतेक कंपन्या मान्य करतात. दुसऱ्यावर घासाघीस होते, तिथे उपकरणांची किंमत आधीच वेगळी लावून मागावी.