मदत हवी आहे: अंगठ्याचं नख रुतलंय, घरच्या घरी काय करता येईल?

निळाई:
पायाच्या अंगठ्याचं नख एका बाजूने आत रुतलंय. तीन आठवडे झाले. कोमट पाण्यात पाय बुडवून झाला, मलम लावून झालं, टोचणारा कोपरा कापून झाला. काही फरक नाही. उलट आता नखाच्या कडेला लाल मांसासारखं काहीतरी वर आलंय, मोजा काढला की रक्त येतं. खात्रीचा घरगुती उपाय सांगा. "डॉक्टरांना दाखवा" एवढंच लिहू नका, ते मलाही कळतं. जरा लवकर सांगा, फार दुखतंय.

रानवाट:
नख गोल कापलंत की सरळ? पू आहे का? मधुमेह आहे का? कोणतं मलम? पाण्यात पाय दिवसातून किती वेळा?

मनमोर:
माझंही असंच होतं. नख पिवळं पडून जाड झालं होतं, कापताना भुगा पडायचा. बुरशी निघाली. टर्बिनाफिनच्या गोळ्या १२ आठवडे घेतल्या, त्याआधी रक्त तपासून यकृत ठीक असल्याची खात्री केली. धीर धरा, पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. माझं पूर्ण नवं यायला दीड वर्ष लागलं.

रानवाट:
मनमोर, त्यांनी पिवळं, जाड, भुगा यातलं काहीच लिहिलेलं नाही. बुरशीचं नख आणि रुतलेलं नख या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय जाड झालेलं प्रत्येक नख बुरशीचंच असतं असंही नाही. नखाचा कीस तपासल्याशिवाय तीन महिन्यांच्या गोळ्या कुणी सुरू करू नयेत.

मनमोर:
माझा कीस तपासला होता. मी माझा अनुभव लिहिला, कुणाला तरी उपयोगी पडेल.

दिगंत:
सोपा उपाय आहे. नखाच्या मधोमध टोकाला त्रिकोणी खाच पाडा. नख खाच भरायला मध्याकडे ओढलं जातं आणि कडा आपोआप सुटतात. आमच्याकडे सगळे हेच करतात.

ओवी:
दिगंतदादा, नख वाढतं ते मुळाशी, कातडीखाली. पुढचा भाग निर्जीव असतो. तिथे खाच पाडली काय नि नक्षी काढली काय, मुळाला कळत नाही. मी स्वतः वर्षभर खाचा पाडल्या आहेत. शेवटी डॉक्टरांनी बोट बधिर करून रुतलेल्या बाजूची नखाची अरुंद पट्टी काढली आणि तेवढ्याच भागात मुळाशी फिनॉल, म्हणजे नखाचं मूळ जाळणारं रसायन, लावलं, तेव्हा सुटका झाली.

दिगंत:
मला गुण आला म्हणून सांगितलं.

निळाई:
नख गोल कापलं होतं. कोपरा टोचत होता म्हणून खोल जाऊन काढला. मधुमेह नाही. पू नाही, चिकट पाणी येतं. पाण्यात पाय रोज रात्री एकदा, पाच मिनिटं.

ओवी:
ताई, इथेच चुकलंय. कोपरा खोल कापला की आत एक अणकुचीदार कुसळ उरतं. ते दिसत नाही, पण नख पुढे सरकलं की तेच मांसात घुसतं. टोचलं की आपण पुन्हा कापतो, आणि कुसळ आणखी आत जातं.

आणि पाच मिनिटं पुरत नाहीत. कोमट पाण्यात १५ ते २० मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. पाय बाहेर काढला की कडेची कातडी पांढरट, मऊ झालेली असते. तीच वेळ साधायची. हाताच्या अंगठ्याने ती कातडी नखापासून बाहेर ओढून धरायची, कापसाची तांदळाएवढी बारीक वात वळून ओली करायची आणि नखाच्या कडेखाली अलगद सरकवायची. पहिल्या दिवशी जेमतेम टोक जातं, तेवढंच पुरे. टोचून आत कोंबू नका. वात रोज बदलायची, वर व्हॅसलीन लावायचं, चप्पल पुढून उघडी घालायची. नख कडेच्या कातडीपुढे येईपर्यंत नेलकटर बाजूला ठेवा. नंतर कापाल तेव्हा सरळ आडवं कापा.

पण हे सुरुवातीच्या त्रासासाठी. मांस वर आलं असेल तर नुसत्या वातीने ते बसेलच असं नाही.

पाऊलखूण:
विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. बाबांच्या तळव्याला कुरूप आहे. औषधाची चिकटपट्टी लावली तर चालेल ना? त्यांना साखर आहे, पण तिथे त्यांना काहीच दुखत नाही.

रानवाट:
पाऊलखूण, पट्टी लावली असेल तर आत्ता काढा. त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, ते कुरपाबरोबर चांगली कातडीही जाळतं. कुरूप दाबलं की दुखायला हवं. साखर असलेल्या माणसाला दुखतच नसेल तर पायाची संवेदना गेलेली असू शकते. खाली जखम झाली तरी त्यांना कळणार नाही. ब्लेडही लावू नका. पाय डॉक्टरांना दाखवा.

कोवळंऊन:
निळाई, पाय कुणाचा आहे ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही. वय किती? कोणती गोळी चालू आहे का? दुसऱ्या पायाचा अंगठा कसा आहे?

निळाई:
मुलाचा आहे, १७ वर्षांचा. मी लिहिलं होतं असं वाटलं. दुसरा अंगठाही थोडा लाल आहे, पण दुखत नाही. मुरुमांची गोळी तीन महिन्यांपासून चालू आहे. तिचा पायाशी काय संबंध?

कोवळंऊन:
गोळीवर आयसोट्रेटिनॉइन लिहिलंय का बघा. माझ्या भाचीला तेच चालू होतं. त्या औषधाने कातडी पातळ आणि नाजूक होते, नखाच्या कडा सुजतात आणि असंच रक्ताळणारं मांस वाढू शकतं. तिचे दोन्ही अंगठे एकदमच सुजले होते. आम्हीही महिनाभर नेलकटरलाच दोष देत होतो.

दिगंत:
मग आजपासून गोळी बंद करा.

ओवी:
परस्पर बंद करू नका. ज्यांनी दिली त्यांना आजच फोन करा, अंगठ्याचा फोटो पाठवा. थांबवायची की डोस कमी करायचा ते त्यांनाच ठरवू दे. लाली बोटावरून पायाकडे चढली किंवा ताप आला तर फोनची वाट न बघता घेऊन जा.

निळाई:
तीच गोळी आहे. त्वचेच्या डॉक्टरांना मी मुरुमांबद्दलच सांगत होते, पायाचं मनातसुद्धा आलं नाही. फोन लावते.

निळाई (पाच दिवसांनी):
दाखवून आलो. डोस निम्मा केलाय. वाढलेल्या मांसाला ते जाळणारी सिल्व्हर नायट्रेटची काडी लावली, ते लगेच राखाडी पडलं, मग काळं. दोन मिनिटं चुरचुरलं म्हणाला. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय, तेव्हाही बसलं नाही तर कडेची पट्टी काढतील. पाण्यात पाय आणि वात चालू ठेवायला सांगितलं आहे. काल वात त्याने स्वतः बदलली, मला हात लावू दिला नाही. मोज्याला आज डाग नव्हता. कोवळंऊन, ओवी, मनापासून आभार.

मनमोर:
छान. टाचेच्या भेगांना युरियाचं क्रीम लावून बघितलंय का कुणी? मला फरक पडला.

पाऊलखूण:
बाबांची पट्टी काढली. खालची कातडी पांढरी, भिजल्यासारखी होती आणि मधे छोटं भोक. त्यांना खरंच कळलं नव्हतं. सकाळी घेऊन जातोय.