अनुभव धागा: प्रो लोकांचे सामने आणि आपलं खेळणं

तळ्यातमळ्यात

परवा व्हॅलोरंट या नेमबाजीच्या गेममध्ये, रँक्ड (क्रमवारीच्या) सामन्यात माझ्याच टीममधल्या एका पोराने माइकवर सुनावलं, "काका, लाइनअप येत नाहीत तर वायपर घेतली कशाला?" आवाजावरून नववी-दहावीतला असावा. ज्यांना हे लाइनअप प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: वायपर हे गेममधलं पात्र. स्पाइक, म्हणजे बॉम्ब, लावून झाला की लांब कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आकाशात ठरलेल्या ठिकाणी नेम धरायचा आणि विषारी गोळा फेकायचा. तो बरोब्बर स्पाइकवर पडतो आणि निकामी करायला आलेला गडी तिथेच संपतो. प्रो, म्हणजे व्यावसायिक, संघ हे करतात, त्याचे व्हिडिओ निघतात, पोरं ते पाठ करतात. मी पाठ केलेलं नाही. करणारही नाही, घरात लेकीची पाढ्यांची पाठांतरं पुरेशी आहेत.

तर विषय असा. प्रो सामने बघायला लागल्यापासून, किंवा इतर लोक ते बघायला लागल्यापासून, तुमच्या खेळण्याची मजा वाढली की आटली? माझं मत आधीच सांगून टाकतो. चुरस पूर्वीही होतीच, गेम पार्लरमध्ये हरलेला पोरगा खुर्ची सोडायचा नाही. पण तेव्हा तुलना शेजारी बसलेल्या माणसाशी व्हायची. आता ती पगारी खेळाडूशी होते, आणि करणाराही अनोळखी असतो.

गेम कुठला, काळ कुठला, नेमकं काय बदललं ते लिहा. "ई-स्पोर्ट्स हा खेळ आहे का" हा वाद इथे नको. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने तो क्रीडा मंत्रालयाकडे सोपवून विषय संपवलाय.

पेठकर

काउंटर-स्ट्राइक १.६, पुणे, इंजिनीअरिंगचे दिवस. आमच्या कॅफेत एडब्ल्यूपीला बंदी होती. एका गोळीत माणूस आडवा करणारी ती हिरवी स्नायपर. जो घेईल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. ही बंदी कुणी घातली माहीत नाही, पण कॅफेमालकापासून सगळे ती पाळायचे. डस्ट २ सोडून दुसरा मॅप लावला तर लोक उठून जायचे. शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावणं हा अर्धा खेळ होता आणि त्यावरून भांडणं हा उरलेला.

मग नोकरी लागली, सीएस:गो ही नवी आवृत्ती आली, आणि मी मेजर्स, म्हणजे तिच्या मोठ्या स्पर्धा, बघू लागलो. तिथे एडब्ल्यूपी चालवणारा हा संघातला मानाचा गडी! ग्रेनेड तर आम्ही उरलेल्या पैशांत घ्यायचो, इथे अख्खा डाव त्यांच्यावर. बघायला प्रचंड आवडलं, आजही आवडतं.

खेळताना मात्र गोची झाली. मिराज मॅपवर सुरुवातीच्या जागेवरून उडी मारत खिडकीचा स्मोक (धुराचा ग्रेनेड) टाकता आला पाहिजे, हे गृहीतच धरतात. रिकाम्या सर्व्हरवर एकटा बसून शिकलो. भिंतीच्या कुठल्या टोकाला क्रॉसहेअर (नेमाची खूण) लावायचा, कधी उडी मारायची, कधी सोडायचा. खरं सांगायचं तर त्या एकट्या सरावात मजा आली. सामन्यात नाही. स्मोक बरोबर पडला तर कुणी बोलत नाही, हुकला तर चौघेही बोलतात.

सुपारीफुल्ल

मी आणि सासूबाई लुडो किंग खेळतो. गेम नवी मुंबईतल्या कंपनीचा आहे म्हणून आम्हाला अभिमानही आहे. प्रो लीग अजून आमच्या घरापर्यंत आलेली नाही. आली तर सासूबाईंना कोचची गरज पडणार नाही एवढं नक्की.

हेडशॉट_मावशी

ओव्हरवॉच, २०१६ पासून. मी, नवरा, दीर आणि दिराचे मित्र.

या गेमची खरी गंमत म्हणजे सामना चालू असताना पात्र बदलता यायचं. टँक म्हणजे मार झेलणारं पात्र, डॅमेज म्हणजे मारणारं, सपोर्ट म्हणजे सोबत्यांना सांभाळणारं. हरतोय? चला, तिघं टँक घेऊन घुसू. त्यांचा स्नायपर त्रास देतोय? दोघं मिळून त्याच्यामागे लागा. बऱ्याचदा ते अंगाशी यायचं आणि हसून पोट दुखायचं.

जानेवारी २०१८ मध्ये ओव्हरवॉच लीग सुरू झाली. शहरांच्या नावाचे संघ, मोठं स्टेडियम, सगळा थाट. वर्ष संपेपर्यंत प्रो संघांना एक रचना सापडली: तीन टँक, तीन सपोर्ट. तिला गोट्स म्हणायचे. नेम धरून मारणारी पात्रं जवळपास गायब. सगळे एका घोळक्यात फिरतायत आणि दुसऱ्या घोळक्याला ढकलतायत. पंढरपुरातल्या आषाढीच्या गर्दीत मोकळीक जास्त असेल. आमच्या पातळीवर ती रचना जमायचीच नाही, कारण तिला सहाही जणांचं एकमत लागतं. तरी कुणी डॅमेजचं पात्र घेतलं की लोक ओरडायला मोकळे.

२०१९ च्या मध्यावर भूमिका बांधून टाकल्या: दोन टँक, दोन डॅमेज, दोन सपोर्ट. आधी लीगमध्ये, मग आम्हा सगळ्यांना. न्यायाने बोलायचं तर त्याआधी पाच-पाच जण डॅमेजच घेऊन बसायचे, त्याचाही वैताग होताच, म्हणजे सगळं खापर लीगवर फोडता येणार नाही. पण सामन्याच्या मध्ये "चल, मी टँक घेते" हे वाक्यच संपलं. डॅमेज खेळायचं तर रांगेत थांबा. नवरा तेवढ्यात भांडी घासून यायचा, हा एक फायदा झाला. २०२२ मध्ये ओव्हरवॉच २ आलं आणि संघ पाचांचा झाला. आमच्या सहाजणांतला एक कायम बाहेर, मग हळूहळू सगळेच बाहेर. २०२३ मध्ये लीग आटोपली, नियम मात्र आमच्याकडे ठेवून गेली.

रच्याकने, मी माइक बंदच ठेवते. चालू केला की पहिला प्रश्न गेमबद्दलचा नसतो.

तळ्यातमळ्यात

@हेडशॉट_मावशी, दुर्दैवाने शेवटच्या वाक्याचा अंदाज आहे. अशा लोकांची तक्रार करत चला, कधी कधी खरंच कारवाई होते.

काळेजंगल

धागा बघून राहवलं नाही. एज ऑफ एम्पायर्स २. होस्टेल, कराड. स्वयंपाकघरातून ओढलेली लॅन केबल, मॅप ब्लॅक फॉरेस्ट, नियम एकच: तीस मिनिटं हल्ला नाही. त्या तीस मिनिटांत काय करायचं? भिंती बांधायच्या. भिंतीच्या मागे भिंत, तिच्यामागे किल्ला. मग ओनेजर (दगडफेकी यंत्र) काढून जंगलच कापत शत्रूच्या मागच्या दाराने यायचं. एकेक सामना पहाटेपर्यंत. मेसचा नाष्टा बुडाला तरी बेहत्तर.

नोव्हेंबर २०१९ मध्ये डेफिनिटिव्ह एडिशन आलं आणि जुना ग्रुप पुन्हा जमला. कुणी नाशिकला, कुणी शारजात, एकजण टोरांटोत. तोपर्यंत प्रोंचे सामने बघायची सवय लागली होती. द व्हायपर, हेरा ही नावं घरातल्यांसारखी झाली. त्यांचं बघून पहिल्यांदा कळलं की आम्ही खेळत होतो तो गेम वेगळाच होता. पहिले सहा गावकरी मेंढ्यांवर, पुढचे लाकडावर, मग रानडुक्कर टाउन सेंटरपाशी, म्हणजे गावकरी जिथून निघतात त्या मुख्य इमारतीपाशी, ओढून आणायचं. टाउन सेंटर एक सेकंद रिकामं राहिलं तर पाप.

आणि ती हरणं! आम्ही हरणांकडे ढुंकूनही बघायचो नाही. प्रो लोक सुरुवातीचा घोडेस्वार हरणाच्या मागे नेतात, हरीण बिचकून चार पावलं पुढे जातं, पुन्हा स्वार मागे, पुन्हा चार पावलं, असं करत टाउन सेंटरखाली आणतात. एकीकडे गावकरी सांभाळायचे, दुसरीकडे हा हरणाचा लमाणी तांडा. स्वार जरा चुकीच्या बाजूने गेला की हरीण उलट पळतं आणि सगळी मेहनत पाण्यात. आधी हे मोठ्या स्पर्धांत दिसायचं. आता मधल्या पातळीच्या लॅडरवरही (ऑनलाइन क्रमवारीत) समोरचा ते करतो, म्हणून तुम्हालाही करावं लागतं. मी करतो. मनापासून तिटकारा आहे मला त्या हरणांचा.

आमच्या ग्रुपवर याचा परिणाम गंभीर झाला. शारजावाल्याने गुपचूप स्काउट रश (घोडेस्वारांचा झटपट हल्ला) शिकून घेतला आणि एका शुक्रवारी दहा-बारा मिनिटांत सगळ्यांच्या लाकूडतोड्यांचा फडशा पाडला. दोन आठवडे व्हॉट्सअॅप ग्रुपवर शांतता. त्याचं म्हणणं, "खेळ असाच खेळतात." नाशिकवाल्याचं म्हणणं, "कोण खेळतात? त्यांना बोलाव मग." शेवटी तह झाला: शारजावाला एकटा, समोर दोघं, आणि तीस मिनिटांचा नियम त्यालाही लागू. तो अजूनही कुरकुरतो, पण येतो.

प्रोंना शिव्या देऊन थांबत नाही, कारण याच जगाने एक भलतीच छान गोष्टही दिली. टी९० नावाचा समालोचक आहे. मोठ्या स्पर्धा करतोच, पण अगदी खालच्या रेटिंगच्या खेळाडूंचे सामनेही तेवढ्याच जोशात करतो. मालिकेचं नाव लो एलो लेजंड्स, एलो म्हणजे रेटिंग. कुणी बाजारपेठच बांधायला विसरतो, कुणी स्वतःच्याच भिंतीत अडकतो. हे बघून जेवढा हसलोय तेवढा कुठल्या फायनलला ओरडलो नाही. ते आमचं होस्टेलच आहे.

म्युनिकचा मावळा

लीग ऑफ लेजंड्स. मी अझीर हे पात्र खेळतो, रात्री जेवण झाल्यावर, फार तर दोन गेम.

गेम बनवणाऱ्यांनी २०१९ मध्ये त्यांचं धोरण जाहीर केलं. पात्र किती ताकदवान आहे ते चार थरांवर बघणार: साधे खेळाडू, बरे खेळाडू, अव्वल खेळाडू आणि प्रो. एका थरावर जरी डोईजड झालं तरी कात्री. कागदावर योग्यच आहे. पण अझीर किंवा राइझसारखी पात्रं पाच जण एकमेकांशी बोलत खेळले की राक्षस होतात, आणि पाच अनोळखी खेळले की मांजर. म्हणजे टी१ संघाचा प्रो फेकर अझीर भन्नाट खेळतो याची शिक्षा मला.

राग येतो का? पॅचच्या (गेममधल्या बदलांच्या) दिवशी येतो. वर्ल्ड्सच्या, म्हणजे जागतिक स्पर्धेच्या, वेळी विसरतो. २०२३ ला टी१ जिंकले, फेकरला सात वर्षांनी विजेतेपद, तेव्हा ऑफिसमधून लवकर निघून आलो होतो.

इचलकरंजी_एक्सप्रेस

दादांनो, मोबाईलवाल्यांचं पण ऐका. पब्जी मोबाईल २०१८ ला आली तेव्हा मी दहावीत. सगळे पोचिंकीत, म्हणजे मॅपवरच्या गर्दीच्या गावात, उड्या टाकायचो. दोन मिनिटांत मरायचं, पुन्हा नवीन मॅच. लई मजा. सप्टेंबर २०२० ला बंदी आली, २०२१ च्या जुलैत बीजीएमआय (तिचीच भारतातली आवृत्ती) आली, पुढच्या जुलैत ती पण स्टोअरवरून गेली, मे २०२३ ला परत. आमचं कॉलेज असं गेम येता-जाता संपलं.

मधल्या काळात पोरं स्क्रिम, म्हणजे प्रो संघांचे सराव सामने, बघायला लागली. एक दिवस आमचा सागऱ्या म्हणाला, आजपासून मी आयजीएल (सामन्यात हुकूम देणारा), तू सपोर्ट. म्हणजे तो सांगणार आणि मी त्याच्या गोळ्या वाहणार. पोचिंकी बंद. झोनच्या (आकसत जाणाऱ्या सुरक्षित वर्तुळाच्या) कडेला झाडामागे पडून राहायचं, कारण स्पर्धेत शेवटपर्यंत टिकण्याला पॉइंट असतात. अरे पण आम्हाला कोण पॉइंट देतंय? मग एंट्री फी भरून छोट्या टूर्नामेंट. एकदा जिंकलो तर घेणारा ग्रुपच डिलीट करून पळाला.

सगळ्यात वाईट गोष्ट फोनची झाली. आमच्यातल्या एकाचा फोन साधा, फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं, एफपीएस) कमी. आधी कुणाला पत्ताच नव्हता. सागऱ्या त्याला म्हणाला, नव्वद एफपीएस नसेल तर फाइट जिंकता येत नाही, तू बस. तो पोरगा आमच्यातला भारी गाडी चालवणारा होता, भावा. डोंगरावरून गाडी उडवून शत्रूच्या अंगावर टाकायचा. तो गेला आणि गाडी पण गेली.

चांगलं पण सांगतो. २०२२ ला बीजीएमआयची मास्टर्स सिरीज स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर लागली. पप्पा यंत्रमागावरून आले, टीव्हीकडं बघितलं आणि विचारलं, "ह्येचं समालोचन पण असतंय व्हय?" त्या दिवसापासून फोन हिसकावून घेणं बंद झालं.

अर्धीचड्डी

डोटा २. २०१९ ची इंटरनॅशनल, म्हणजे या गेमची सगळ्यात मोठी स्पर्धा, शांघाय. ओजी संघाच्या अॅनाने आयो हे मदतनीस पात्र मुख्य मारेकरी म्हणून खेळवलं आणि संघ लागोपाठ दुसऱ्यांदा जिंकला. पुढचे कित्येक दिवस माझ्या प्रत्येक सामन्यात एकतरी अॅना होता. सगळे हरले. मीही एकदा होतो.

तरीही मी दरवर्षी बॅटल पास (गेममधला विकतचा पास) घ्यायचो, कारण त्यातला पाव हिस्सा बक्षिसात जायचा. २०२१ ला बक्षीस ४ कोटी डॉलरवर गेलं, तेव्हा त्यात आपलेही चार आणे आहेत याचं उगाच बरं वाटायचं. २०२३ ला तो पास बंद केला, बक्षीस ३० लाखांच्या आसपास आलं, आणि माझं बघणंही कमी झालं.

रेल्वेफाटक

मी उलट बाजूचा. टेकन ३, डोंबिवली, नाण्याची मशीन. एडी गोर्डो घ्यायचा आणि सगळी बटणं एकदम बडवायची. तो लाथांचा भोवरा अडवायचा कसा हे आमच्या पार्लरमध्ये कुणाला माहीत नव्हतं. ज्याला एडी मिळाला तो जिंकला. पाच-सहा वर्षं हाच आमचा टेकन.

२०१९ मध्ये लाहोरचा अर्सलान अॅश आधी जपानमध्ये आणि मग लास व्हेगासला ईव्हीओ, म्हणजे मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा, जिंकला. अंतिम सामन्यात कोरियाच्या नी या दिग्गजाला हरवून. लाहोरच्या आर्केडमध्ये तयार झालेला गडी! बघून अंगावर काटा आला, देश कुठलाही असो. मशीन तीच, बटणं बडवणारी पोरंही तशीच असणार. मग बसून शिकलो: कुठली लाथ उभ्याने अडवायची, कुठली बसून, आणि अडवल्यावर समोरचा किती वेळ उघडा पडतो. एडीचं भूत चाळिशीत उतरलं. आता टेकन ८ वर भाच्याबरोबर हरतो तेव्हा का हरलो ते कळतं. माझ्यासाठी मजा तिथेच आहे.

निवृत्त_ड्युएलिस्ट

मी दुसऱ्या बाजूने आलोय म्हणून लिहितो. व्हॅलोरंट २०२० ला आला, मुंबईत सर्व्हर, पिंग (सर्व्हरपर्यंतचा विलंब, मिलिसेकंदांत) दहाच्या आत. लॉकडाऊन, कॉलेज बंद. हात बरा होता, एका छोट्या संघात घेतलं. नाव सांगत नाही, मानधन अर्धंच मिळालं.

प्रो होऊ पाहणाऱ्याचा दिवस असा असतो: उठून नेमबाजीचा सराव, दुपारी स्क्रिम, मग त्या स्क्रिमचं रेकॉर्डिंग थांबवत थांबवत बघणं, रात्री पुन्हा स्क्रिम. कोच दारात दोन पावलं आधी का डोकावलास यावर वीस मिनिटं बोलतो, आणि त्याचं बरोबर असतं. इथे वर लोक म्हणतायत की प्रोंसारखं खेळायला लावतात म्हणून मजा गेली. प्रोंनाही त्यात रोज मजा येत नाही हो. फक्त त्यांच्याकडे कारण असतं: चार ओळखीचे सोबती, समोर स्पर्धा, जमलं तर पगार. रँक्डमधला पोरगा त्यातलं काहीही नसताना तेवढाच ताण घेतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

संघ मोडल्यावर वर्षभर गेम उघडला नाही. आता कॉलेजांच्या फेस्टमध्ये मराठीत समालोचन करतो. "घुसला रे घुसला, पाठीमागून घुसला!" असं ओरडलं की मागच्या रांगेतली ज्यांना नियमही माहीत नाहीत तीही उठून उभी राहतात. पैसे किरकोळ मिळतात. संघात परत बोलावलं तर जाणार नाही, समालोचनाला फुकटही जाईन.