डीएनए टिकत नाही म्हणून कादंबरी मोडीत काढायची?

उत्तरेश्वर: "'जुरासिक पार्क' वाचू नका, डीएनए इतकी वर्षं टिकतच नाही," ही सकाळची पोस्ट वाचून डोकं उठलं. मोआ पक्ष्याच्या हाडांवरून २०१२ साली डीएनएचं अर्धायुष्य (निम्मा डीएनए तुटायला लागणारा काळ) सुमारे ५२१ वर्षं निघालं, मान्य. डायनासोर त्यातून उठणार नाही. पण जुन्या डीएनएपासून एका बेटावर डायनासोर बनवल्याची क्रायटनची ही १९९० ची कादंबरी मोजणीवर उभी आहे! सगळ्या माद्याच, पिल्लं होणारच नाहीत, ही बेटावरच्यांची खात्री. संगणक २३८ प्राणी दाखवतो, कारण त्याला तेवढेच शोधायला सांगितलेले. जास्त शोधायला लावल्यावर २९२ निघतात, म्हणजे पिल्लं झालेलीच. नुसता चित्रपट बघितलेल्यांना हे पान माहीतच नाही.

सूक्ष्मदर्शक: भावा, पाया चुकला की भीतीही खोटी. असल्या पुस्तकांमुळंच लोक क्लोनिंगला, म्हणजे पेशीपासून हुबेहूब तसाच जीव बनवायला बिचकतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी-संशोधन संस्थेला भारतातून संपलेला चित्ता क्लोन करायचा होता, इराणनं चित्ते दिले नाहीत. जमलं असतं तर २०२२ साली नामिबियातून आणायला लागले नसते.

पापाची तिकटी: आफ्रिकेतले चित्ते तेव्हा पहिल्यांदा आले असं समजू नका. आपल्या कोल्हापूर संस्थानानं काळविटांच्या शिकारीसाठी आणलेले. डोळ्यांवर टोपी चढवून गाडीतून न्यायचे. पिंजऱ्यात वीण होत नव्हती, म्हणून देशभरच्या संस्थानिकांनी रानातलेच धरले आणि इथला चित्ता संपत गेला. आजोबा हे अभिमानानं सांगायचे, मला राग यायचा.

जुना राजवाडा: महाराजांवर घसरू नका. राधानगरीचं रान त्यांनी शिकारीसाठी का होईना, राखलं. म्हणून १९५८ साली अभयारण्य झालं, म्हणून गवा उरला.

पापाची तिकटी: महाराजांचं नाव मी घेतलंय कुठं? गव्याचं मान्य. चित्त्याचं काय?

ऊसवाला: गवा उरला, आणि आमच्या उसात आला! रात्रभर बॅटरी घेऊन बांधावर बसतोय. पंचनाम्याला आलेले साहेब दोन गवे लिहून गेले. कळप होता, लहान पिल्लांसकट. सांगितलं तर म्हणाले, दोनाचेच ठसे दिसतात. भरपाई त्या कागदावर ठरणार. तुम्ही चित्ते मोजत बसा.

उत्तरेश्वर: ऊसवाल्यांनी सांगितलं तेच कादंबरीत आहे. ठरवून ठेवलंय तेवढंच मोजायचं.

सूक्ष्मदर्शक: मोजणीचं मान्य, बास. क्लोनिंगचं नाही. नामशेष बुकार्डो या रानबकरीचं क्लोन केलेलं पिल्लू २००३ साली स्पेनमध्ये जन्मलंच की.

उत्तरेश्वर: आणि फुप्फुसाच्या दोषानं काही मिनिटांत मेलं. तेही लिही.