मदत हवी आहे: राज्याभिषेकाच्या जुन्या भरतकामावरचे तपकिरी डाग कसे काढायचे?

मोगरा
घरात शिवराज्याभिषेकाचं हाताने भरलेलं जुनं चित्र आहे, फ्रेम केलेलं. कापडावर तपकिरी डाग आलेत, खालच्या कडेला जास्त. पुढच्या रविवारी कार्यक्रमात लावायचं आहे. कशाने धुवू? पाणी थंड की कोमट? लवकर सांगा प्लीज.

सुईदोरा
आधी हे सांगा: कापड मॅटी (चौकोनी घरांच्या विणीचं) की केसमेंट (साध्या सपाट विणीचं)? दोरा सुती की रेशीम? जर, म्हणजे जरीची तार, आहे का? मागे पुठ्ठा आहे की प्लायवुड? कापड चिकटवलंय की खिळ्यांनी ताणलंय? डाग पट्ट्यासारखे आहेत की ठिपके ठिपके? आणि मागच्या बाजूचा फोटो टाका. पुढून सगळी भरतकामं चांगलीच दिसतात.

घाटावरची
रिठा. दुसरं काही नको. 8-10 रिठे बिया काढून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी उकळा, गाळा, पूर्ण गार झाल्यावर कापड बुडवा. चोळायचं नाही. पैठण्या याच पाण्यात धुतल्या जातात.

मोगरा
मॅटी आहे, साधारण 18 × 24 इंच. दोरा सुती, सहा पदरी लडीतला असावा. सिंहासन आणि छत्राला जर आहे. मागे प्लायवुड, कडा चिकटवल्यात आणि वर बारीक खिळेही आहेत. कडेला पट्टा, मध्ये ठिपके. चेहरे भरलेले नाहीत, रंगवलेत.

सुईदोरा
चेहरे रंगवलेत हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं. आता धुण्याचा विषय संपला. जुन्या भरतचित्रांत चेहरे आणि हात बहुतेक जलरंगाने काढत, ते पाण्यात पसरतात. शिवाय पाणी पोचलं की जर काळी पडते आणि खिळ्यांचा गंज कापडभर फिरतो.

@घाटावरची, रिठा सौम्य आहे हे मान्य. पण रंग सुटतो तो पाण्याने, साबण कोणता यावर नाही. आणि रिठ्याच्या पाण्याला स्वतःची पिवळट झाक असते, ती पांढऱ्या मॅटीत राहते.

घाटावरची
झाक राहते ती नीट न खंगाळल्यामुळे. चार पाण्यांतून काढलं की जाते. चेहरे सोडून फक्त कडा भिजवता येतील की.

सुईदोरा
अर्धवट भिजवलं की ओल जिथे थांबते तिथे मळ गोळा होऊन नवी तपकिरी रेघ उमटते. ती मूळ डागापेक्षा हट्टी असते.

खात्री हवी असेल तर चाचणी करा. मागून कोपरा मोकळा झाला की दोऱ्याच्या टोकावर डिस्टिल्ड वॉटरचा एक थेंब टाका, पांढरा टीपकागद ठेवून वर वजन द्या, पाच मिनिटांनी बघा. प्रत्येक रंग आणि त्याची प्रत्येक छटा वेगळी तपासायची. लाल, किरमिजी आणि काळा सर्वात आधी.

रायगडवारी
चित्रात टोपीवाला वाकलेला माणूस आहे का? असला तर तो हेन्री ऑक्झिंडेन, इंग्रजांचा वकील, म्हणजे दूत. खाली तारीख भरली आहे का? शके 1596, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी असायला हवी.

मोगरा
टोपीवाला आहे, उजवीकडे. खाली फक्त "शके 1596". पण माझा प्रश्न डागांचा आहे.

तिथीवाला
6 जून 1674 लिहिलं नाही हे बरंच झालं. तिथीच मूळ. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला दुसरा, तांत्रिक पद्धतीचा राज्याभिषेकही झाला होता. सिंहासनाजवळ ब्राह्मण किती दाखवलेत?

चौकटकार
तिथीसाठी वेगळा धागा काढा.

मोगरा, कडेचा पट्टा प्लायवुडमुळे आहे. लाकडातलं आम्ल कापडात उतरतं. तो बोर्ड मागे आहे तोवर डाग काढून उपयोग नाही, परत येतील. कापड बोर्डावरून ओढू नका, बोर्ड कापडापासून काढा. भरतकाम पालथं, स्वच्छ मऊ कापडावर ठेवायचं. खिळे पक्कडीने सरळ वर उपसायचे. मग प्लायचे थर मागून एकेक सोलत यायचं आणि शेवटचा पातळ थर राहू द्यायचा. चिकटवायला खळ (पिठाची चिकी) असेल तर ती खरवडून भुकटीसारखी निघते. सरस किंचित ओलाव्यानेच मऊ होतो, म्हणजे जरीजवळ ते काम नको. फेविकॉल असेल तर थांबाच, तो धाग्यात मुरतो आणि ओढलं की मॅटी फाटते.

निळाई
डागांवर लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा. नाहीतर हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये मिळतं.

सुईदोरा
कृपया दोन्ही नको. लिंबाचं आम्ल सुतात राहून त्याला ठिसूळ करतं. गंजाच्या डागावर पेरॉक्साइड पडलं तर लोखंडामुळे त्याची क्रिया तिथेच भडकते आणि डागाच्या जागी भोक पडतं. ड्रायक्लीनचं कोणी सुचवायच्या आत सांगते: ड्रममधली घुसळण आणि शेवटची गरम इस्त्री जुन्या टाक्यांना सोसत नाही.

करायचं ते कोरडंच. चित्रावर नायलॉनची जाळी धरून व्हॅक्यूम सर्वात कमी ओढीवर, नळी इंचभर वर. रंगवलेल्या चेहऱ्यांवर फक्त मऊ ब्रश. ठिपक्यांवर लव दिसली तर ती बुरशी, मग हे काम मास्क लावून घराबाहेर.

मोगरा
एक कोपरा सुटला. खळ आहे, भुकटी झाली. चाचणीत लाल उतरला, टीपकागद गुलाबी झाला. हिरवा, निळा ठीक. म्हणजे डाग तसेच राहणार?

सुईदोरा
हो, फिके तपकिरी राहतील. ते काढायला गेलात तर लाल शेला आणि चेहरे दोन्ही जातील. काढायचेच असतील तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात दाखवा, घरी नाही.

पेठकर
अशा जुन्या भरतकामाला आता चांगली किंमत येते. विकणार का?

मोगरा
नाही. रविवारपर्यंत काय करता येईल ते सांगा.

चौकटकार
रविवारपर्यंत बोर्ड बदलणं जमेल. अ‍ॅसिड-फ्री माउंटबोर्ड घ्या, चित्रापेक्षा दोन-दोन इंच मोठा. त्यावर मांजरपाट ताणा. मांजरपाट आधी गरम पाण्यात दोनदा धुवून कांजी काढलेला हवा, नाहीतर कसर लागते. भरतकामाच्या कडा बारीक सुती दोऱ्याने मांजरपाटावर टाचा, सुई मॅटीच्या घरांमधून जाऊ द्या, धागा टोचू नका. चारही बाजूंचे मध्य आधी, कोपरे शेवटी, म्हणजे चित्र तिरकं होत नाही. काच आणि कापड यांत 5-6 मिमी पट्टी हवीच. काच टेकली की पावसाळ्यात आत दव धरतं आणि बुरशी येते.

कार्यक्रमात हॅलोजनचा झोत त्यावर मारू देऊ नका. नंतर लावायची भिंत आतली निवडा, पावसाची बाजू नको.

निळाई
याचा टाक्यांचा आलेख कोणाकडे आहे का? इंचाला 14 घरांच्या मॅटीवर नवीन करायचं आहे.