अनुभव धागा : एकच झाड, वर्षभराचे फोटो

फुललेल्या झाडाचा फोटो आपण सगळेच काढतो. ज्यांनी कुंडीतल्या किंवा परसातल्या एकाच झाडाचा कोंब फुटल्यापासून ते सुकेपर्यंत कॅमेऱ्याने पाठपुरावा केला आहे, त्यांनी आपले अनुभव, फसलेल्या प्रयत्नांसकट, येथे लिहावेत अशी विनंती आहे. सुरुवात माझ्या कळलावीच्या वेलीने करते; त्याखाली इतर सदस्यांचे अनुभव त्यांच्या गावाच्या नावाने आहेत.

पुणे, गच्ची. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की मातीतून टोकदार हिरवा कोंब वर येतो. या वेलीला आधाराला गुंडाळणारे वेगळे तणावे (तंतू) नसतात, पानाचेच टोक लांबून आधाराला वेटोळे घालते. कळी मान खाली घालून लोंबते, पण उमलताना तिच्या सहाही पाकळ्या उलट्या वर वळतात आणि पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात. पहिल्या दिवशी हिरवट पिवळे असलेले फूल पुढच्या काही दिवसांत नारिंगी होत पूर्ण लाल होते. हा रंगबदल टिपायचा म्हणून मी रोज सकाळी आठ वाजता, कठड्यावर खडूने आखलेल्या त्याच जागेवरून फोटो काढले; परंतु व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर राहिल्यामुळे कॅमेऱ्याने रोज आपल्या मनाने रंग सुधारले आणि शेवटी पिवळ्याचा लाल नेमका कधी झाला तेच फोटोंवरून सांगता येईना. पुढच्या वर्षी तो ‘डेलाइट’वर पक्का केला आणि एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) थोडे उतरवले, तेव्हा कुठे लाल पाकळीची नागमोडी कड स्पष्ट आली. पावसाळ्यानंतर बोंडे वाळून उकलतात आणि आत लाल बिया ओळीने दिसतात.

त्यानंतर वेल वाळते आणि जूनपर्यंत कुंडीत नुसती माती उरते. त्या मातीचे फोटो मी काढले नाहीत, म्हणून घरात कोणाला ती कुंडी भरलेली वाटली नाही. सासूबाईंनी तीत कोथिंबीर पेरली, हिवाळाभर पाणी घातले आणि झोपलेला कंद कुजला. कळलावी सर्वांगी विषारी असते, कंद तर विशेषच, त्यामुळे ती कोथिंबीरही टाकून द्यावी लागली.

रत्नागिरी, परस. आमच्या भुईचाफ्याचे उलटे आहे. एप्रिल-मेमध्ये कोरड्या जमिनीतून, एकही पान नसताना, पांढरे-जांभळे फूल थेट वर येते आणि दिवसभरात कोमेजते. जागा विसरू नये म्हणून मी भोवती चार चिरे मांडून ठेवले आहेत. फूल जमिनीलगत असल्याने ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो. मोबाइल उलटा धरला की भिंग खाली मातीशी येते आणि फूल समोरासमोर दिसते. पाने पावसात येतात आणि त्यांची मागची बाजू जांभळट असते, तीही दाखवावी. फूल आणि भरगच्च पाने एका चौकटीत मात्र मला अजून मिळालेली नाहीत.

डोंबिवली, खिडकी. मोगऱ्याचे फोटो ग्रिलमधून काढते. जानेवारीतली छाटणी, मार्चमधली नवी पालवी आणि मेमधल्या कळ्या हाती लागल्या. पुढे इमारतीला रंगकामासाठी परांची बांधली आणि चार महिने नुसते बांबूच आले.

न्यू जर्सी, अंगण. माझी पिओनी (थंड हवेतले मोठ्या फुलांचे झुडूप) मार्चअखेर जमिनीतून तांबूस कोंब काढते. कळ्यांवर मुंग्या येतात, त्या बाहेर पाझरणाऱ्या गोड रसासाठी. मुंग्यांवाचून पिओनी उमलत नाही हा येथील समज खरा नाही. एक मुंगी मोठी दिसावी म्हणून मी जवळ गेलो, तर माझी सावलीच कळीवर पडली. साधारण मेअखेरीस फुले येतात आणि एका जोरदार पावसात सगळी जड होऊन लोळतात, म्हणून आदल्या संध्याकाळी हवामान पाहूनच कॅमेरा चार्ज करावा. शरदात देठ जमिनीलगत कापतो आणि जागेवर एक काठी रोवतो. डिसेंबरपासून तेथील फोटोंत बर्फ आणि काठी एवढेच असते. ते सांगलीला आईला पाठवले, तर तिने विचारले, “अरे, यात झाड कुठे आहे?” काठीच्या खाली, असे मी कळवले.